दुखण्याचे कागद

अम्मी गेली तेव्हा तिच्या पत्र्याच्या पेटीत माझे शाळेचे दाखले निघाले. तिच्या दुखण्याचा एकही कागद नव्हता. म्हणून मला बार्बरा सीमन यांच्या कागदपत्रांचं मोल वाटतं. अमेरिकेतल्या या आरोग्यलेखिकेला वाचक स्त्रिया गर्भनिरोधक गोळीने होणारा त्रास पत्रांतून कळवत. गोळीच्या धोक्यांवरचं त्यांचं पुस्तक १९६९ साली आलं. १९७० मध्ये सिनेटपुढे सुनावणी झाली. साक्षीला गोळी घेणारी एकही बाई बोलावली नव्हती! बायकांनी तिथेच जाब विचारला. त्याच वर्षी गोळीच्या पाकिटात धोक्यांची चिठ्ठी घालणं सक्तीचं झालं. सीमन २००८ मध्ये वारल्या. त्यांची कागदपत्रं हार्वर्डच्या श्लेसिंजर ग्रंथालयात जपली आहेत. मायबहिणींनो, दुखणं अंगावर काढू नका. तारीख घालून लिहून ठेवा.