घसरगुंडीच्या पायथ्याशी

रविवारी संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास पुण्यातल्या कुठल्याही महापालिकेच्या उद्यानात हा प्रसंग हमखास दिसतो. दीड वर्षाचं पोर घसरगुंडीच्या शिडीपाशी घुटमळतंय. त्याला एकटं सोडायला आईचा धीर होत नाही. मग बाबा त्याला कडेवर घेऊन वर चढतात, मांडीवर बसवतात, आजी ‘सावकाश रे’ म्हणते, मोबाइल सरसावतो आणि बापलेक एकदमच खाली येतात. जमलेल्या सगळ्यांच्या मते यापेक्षा सुरक्षित असं काही नाही.

हाडांच्या डॉक्टरांचं मत नेमकं उलटं आहे. मूल एकटं घसरताना त्याच्या बुटाचा रबरी तळ कडेला घासून अडकला, तर ते जागीच थबकतं. दहा-अकरा किलोंचा तर जीव. पण तेच मूल मांडीवर असेल, तर पाय अडकतो आणि मागचं सत्तर किलोंचं वजन मात्र थांबत नाही. पाय पिरगळतो आणि नडगीचं हाड मोडतं. अमेरिकेत २००२ ते २०१५ या काळात सहा वर्षांखालच्या सुमारे साडेतीन लाख मुलांना घसरगुंडीवर दुखापत झाल्याचा अंदाज आहे. त्यात हाड मोडण्याचं प्रमाण सर्वाधिक होतं, तेही बहुतेक वेळा गुडघ्याखाली, आणि जखमींमध्ये सर्वांत मोठा वाटा एक ते दोन वर्षांच्या मुलांचा. थोडक्यात, ज्या घसरगुंडीची शिडी मुलाला स्वतःच्या पायांनी चढता येत नाही, ती त्याच्यासाठी नाहीच. त्याला कमरेएवढ्या उंचीची बुटकी घसरगुंडी हवी. ती जवळच्या बागेत आहे का, हा चांगलं मैदान शोधण्यातला पहिला प्रश्न.

शोधाशोध होते ती मात्र वेगळ्याच गोष्टींची. बाग मोठी हवी, नावाजलेली हवी, खेळणी भरपूर आणि रंगीत हवीत. मुंबईत कमला नेहरू पार्कातला म्हातारीचा बूट आणि पुण्यात पेशवे पार्कातली १९५६ पासूनची ‘फुलराणी’ झुकझुकगाडी यांच्या आठवणी तीन पिढ्यांकडे आहेत, आणि तिथं मुलांना न्यावंच. पण ती झाली वर्षातून दोनदा करायची सहल. तीन वर्षांच्या मुलाचं खेळणं हे रोजचं काम आहे. एक ते चार वर्षांच्या मुलांनी दिवसभरात मिळून किमान १८० मिनिटं हालचाल करावी, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये सांगितलं. सिग्नलवर तासभर रिक्षात बसून गाठलेल्या बागेत हे जमायचं नाही. ब्रिटनमध्ये अगदी लहान मुलांच्या खेळाची जागा घरापासून चालत १०० मीटरवर असावी आणि जरा मोठ्यांची ४०० मीटरवर, असा मापदंड वापरतात. शंभर मीटर म्हणजे आपल्याकडे कोपऱ्यावरचा वाणी.

शिवाय नावाजलेली प्रत्येक बाग खेळायची असतेच असं नाही. सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान जपानी धर्तीवर रचलेलं आहे, ते पाहण्यासाठी आणि शांतपणे फिरण्यासाठी. चेंडू घेऊन गेलेल्या कुटुंबाचा तिथं हिरमोड होणार. महापालिकेच्या आराखड्यातही ‘उद्यान’ आणि ‘खेळाचं मैदान’ ही आरक्षणं वेगवेगळी असतात. आपल्या वॉर्डात मैदानासाठी राखलेली जागा कोणती, हे विकास आराखड्याच्या नकाशात बघता येतं. कधी कधी ती जागा रोजच्या येण्याजाण्याच्या वाटेवरच निघते, गवत माजलेली, फाटकाला कुलूप लावलेली.

आता खेळण्यांकडून नजर खाली न्यायची. बागेत शिरल्यावर बहुतेक पालक वर बघतात. झोके किती, घसरगुंडी प्लास्टिकची की पत्र्याची, रंग ताजा आहे का. मुलाचं डोकं आपटणार असतं ते खाली, जमिनीवर. मैदानाची परीक्षा तिथंच होते.

‘खाली माती आहे, गवत आहे, मग काळजी कसली?’ हा समज सर्वांत पक्का, कारण सगळे मातीतच पडून मोठे झाले. शेतातली भुसभुशीत माती वेगळी आणि बागेतल्या झोक्याखालची वेगळी. रोज शेकडो पाय घासून तिथं उथळ वाटी तयार होते. उन्हाळ्यात ती वाटी सिमेंटसारखी टणक होते आणि पावसाळ्यात तिच्यात तळं साचतं. म्हणूनच अमेरिकेतल्या ग्राहक सुरक्षा आयोगाच्या मार्गदर्शिकेत माती आणि गवत हे उंच खेळण्याखालचं संरक्षण धरलेलं नाही. काँक्रीट आणि डांबर तर तिथं कुठल्याच उंचीला चालत नाही. पेव्हर ब्लॉक हे शेवटी काँक्रीटच, आणि आपल्याकडे बाग ‘सुधारायची’ म्हटलं की आधी तेच येतात.

मग चालतं काय? जुनी, स्वस्त वाळू. त्याच मार्गदर्शिकेच्या हिशेबानं नऊ इंच खोल सैल वाळू चार फुटांवरून पडणाऱ्याला सांभाळते. नऊ इंच म्हणजे आपली एक वीत. वाळूत हात खुपसून बघायचं. बोटं पेरभरातच खालच्या टणक थराला लागली, तर ती वाळू केवळ शोभेची.

रबराच्या रंगीत फरशा दिसल्या की पालक निर्धास्त होतात. त्या चांगल्या असतात, पण जाडी खेळण्याच्या उंचीला साजेशी असेल तरच. काँक्रीटवर चिकटवलेलं पातळ रबर पायाला मऊ लागतं, डोक्याला नाही. शिवाय ते तापतं. पत्र्याची घसरगुंडी उन्हात भाजते हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण प्लास्टिक आणि रबरही पोळतं हे मांडीला चटका बसल्यावर कळतं. दोन वर्षांखालच्या मुलांची त्वचा पातळ, आणि चटका बसला तरी झटकन बाजूला व्हायचं त्यांना सुचत नाही. बसवण्याआधी आपला तळवा पृष्ठभागावर टेकवून पाच आकडे मोजावेत. मोजवत नसतील, तर मुलाला बसवू नये.

वीत आणखी एका कामाला येते. कठड्याच्या गजांमधली किंवा शिडीच्या पायऱ्यांमधली फट मुठीपेक्षा रुंद आणि वितीपेक्षा अरुंद असेल, म्हणजे साधारण ९ ते २३ सेंटीमीटर, तर ती धोक्याची. मूल पाय पुढे करून शिरतं, धड आरपार जातं आणि डोकं अडकतं. त्याहून लहान फटीत धडच जात नाही आणि मोठ्या फटीतून डोकंही निघून जातं. महाराष्ट्रातल्या आयांनी याला आणखी एक गोष्ट जोडायला हवी. गळ्यातला काळा दोरा, ताईत, आजोळची सोन्याची साखळी, चिमुकली ओढणी हे सगळं घसरगुंडीच्या खिळ्याला किंवा कडेला अडकू शकतं. दृष्ट लागू नये म्हणून बांधलेला दोरा खेळायला जाताना पिशवीत ठेवलेला बरा.

‘त्यापेक्षा मॉलमधलं प्ले झोन परवडलं. एसी असतो, सगळं मऊ असतं, स्वच्छ असतं.’ मऊ असतं, हे खरं. स्वच्छतेचं म्हणाल, तर अमेरिकेतल्या फिजिओथेरपी केंद्रांमधले प्लास्टिकच्या चेंडूंचे हौद संशोधकांनी तपासले, तेव्हा त्यांत जिवाणूंच्या तीसहून अधिक प्रजाती सापडल्या. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेला हा अभ्यास तर दवाखान्यांमधला आहे. म्हणून मॉलवर फुली मारायची गरज नाही. धुवाधार पावसात ते बरंच. चेंडू कधी धुता, एवढं काउंटरवर विचारावं आणि उत्तर देणाऱ्याच्या चेहऱ्याकडे बघावं.

बागेतल्या वाळूचीही एक खरी अडचण आहे. मांजरं आणि कुत्री तिथं घाण करतात आणि त्यातून जंत पसरू शकतात. रोज वाळू दाताळ्यानं वरखाली करणारा माळी असेल आणि रात्री वर ताडपत्री पडत असेल, तर प्रश्न बराचसा मिटतो. नसेल, तर खेळून झाल्यावर साबणानं हात धुवावेत. बागेत चालू नळ आहे का, हेही त्याच फेरीत बघून घ्यावं.

सोसायटीवाल्यांचा एक वेगळाच समज असतो. ‘आमच्याकडे पोडियमवर प्ले एरिया आहे.’ असेल. पण कायद्यानं सक्तीची मोकळी जागा ही जमिनीवरच हवी, पोडियमवर दाखवून भागणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्ये मुंबईतल्या कोहिनूर सीटीएनएल प्रकरणात म्हटलं होतं. न्यायालयाला हे सांगावं लागलं, यावरून बिल्डरांचा कल कळतो. राज्यातल्या बहुतेक शहरांना लागू असलेल्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत ४ हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर १० टक्के मोकळी जागा सोडावी लागते. घर घेताना ब्रोशरमधल्या हसऱ्या मुलांपेक्षा मंजूर नकाशात ती जागा कुठं दाखवली आहे, ते बघावं. बऱ्याचदा ती ट्रान्सफॉर्मरला खेटून असते.

बागांमधल्या ओपन जिमबद्दल थोडक्यात. तिथली साधनं ही खेळणी नव्हेत. मोठ्यांच्या वजनाच्या हिशेबानं बनवलेल्या त्या हलत्या दांड्यांच्या सांध्यांत लहान बोटं चेंगरतात.

एवढं वाचून कुणी मुलाला घरातच बसवायचं ठरवलं, तर तो सर्वांत मोठा गैरसमज ठरेल. सुरक्षित मैदान म्हणजे जिथं काहीच होत नाही असं मैदान नव्हे. कॅनडातल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०२४ मध्ये उंचीवर चढणं, वेगानं पळणं, दंगामस्ती अशा थोड्या जोखमीच्या मैदानी खेळाची उघड बाजू घेतली. चढताना हात किती घट्ट धरायचा, हे मूल चढूनच शिकतं. मुलाला दिसणारी आणि जोखता येणारी उंची ही जोखीम झाली. गंजून झिजलेली साखळी आणि वाळूत लपलेली फुटकी बाटली त्याला जोखता येत नाही. ती बघणं मोठ्यांचं काम, आणि साखळीचा फोटो काढून उद्यान विभागाला पाठवणंही.

भारी खेळणी लागतातच, हेही खरं नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर ॲम्स्टरडॅममध्ये आल्डो व्हॅन आयक या वास्तुविशारदानं घरांच्या मधल्या रिकाम्या, ओसाड तुकड्यांवर मुलांसाठी जागा रचायला घेतल्या. पहिली १९४७ मधली. १९७८ पर्यंत त्या ७०० च्या वर गेल्या. त्यांत वाळूचा हौद, लोखंडी कमानी, उड्या मारायला ठोकळे एवढंच असे, पण घराच्या दारात. बेंगळुरूची अँटहिल क्रिएशन्स ही संस्था जुन्या टायरांपासून मैदानं उभारते. अशा टायरांना खाली भोकं पाडली आहेत ना, तेवढं बघायचं, नाहीतर पावसाळ्यात डेंग्यूच्या डासांचीच सोय.

आणि गल्लीत कुणाचं बांधकाम निघून दारात वाळूचा ढीग पडला, की काय होतं ते सगळ्यांनी पाहिलंय. कुणी बोलावलेलं नसतं, पाटी नसते, तिकीट नसतं. तासाभरात चपलांचा खच पडतो, ढिगाला बोगदा जातो, कुणीतरी घरून स्टीलचा पेला पळवून आणतो, आणि वॉचमन काठी आपटत येईपर्यंत अर्धा ढीग रस्त्यावर आलेला असतो.