खरेदीखत झाले, पण नोंद झाली काय?

आपल्या समाजातील कितीतरी कुटुंबांनी पगारातून पैसा वाचवून, प्रॉव्हिडंट फंड काढून, प्रसंगी घरातील किडूकमिडूक मोडून एखादा प्लॉट, दोन खोल्या किंवा एकर-अर्धा एकर जमीन घेतली आहे. ही मिळकत म्हणजे त्या कुटुंबाची आयुष्याची पुंजी. परंतु बँकेच्या कर्ज विभागात काम करताना आम्ही पाहतो की, माणूस जागा पारखून घेतो, भाव करतो, आणि कागदाच्या बाबतीत मात्र कोणाच्या तरी शब्दावर विसंबतो. म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने दस्तनोंदणीविषयी चार गोष्टी सांगाव्यात असे आम्हास वाटले.

आमच्या टेबलावर वरचेवर एक कागद येतो. शंभर रुपयांचा स्टँप, त्यावर टाईप केलेला मजकूर, खाली नोटरीचा लाल शिक्का. घरमालक अभिमानाने सांगतात, "साहेब, पक्की नोटरी केली आहे." नोटरीचा शिक्का एवढेच सांगतो की सह्या त्याच्यासमोर झाल्या. मालकी त्याने बदलत नाही. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ आणि नोंदणी कायदा, १९०८ यांप्रमाणे शंभर रुपये वा अधिक किमतीची स्थावर मिळकत विकायची तर खरेदीखत नोंदवलेच पाहिजे. (शंभर रुपयांत आज काय येते हे निराळे, आकडा तोच आहे.) कुलमुखत्यारपत्रावर 'विकलेल्या' जागांचेही तेच. अशा कागदाने मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली सुरज लॅम्प प्रकरणात स्पष्ट केले. साठेखत हाही विकण्याचा करारच, विक्री नव्हे. आणि ऑक्टोबर २०२४ पासून महाराष्ट्रात बहुतेक करार-प्रतिज्ञापत्रांना शंभराऐवजी पाचशेचा स्टँप लागू झाला, म्हणून पाचशेच्या कागदावरची नोटरी अधिक पक्की झाली असेही कोणी समजू नये.

नोंदणी होते दुय्यम निबंधक कार्यालयात, ज्याला आपण रजिस्ट्रार ऑफिस म्हणतो. व्यवहाराची रक्कम आणि सरकारी दरतक्त्याप्रमाणे येणारे बाजारमूल्य यांपैकी जे जास्त, त्यावर मुद्रांक शुल्क बसते. नोंदणी फी साधारणतः एक टक्का, कमाल तीस हजार रुपये. लिहून देणार आणि लिहून घेणार यांचे फोटो व अंगठे घेतात, ओळख पटविणारे दोन इसम लागतात, आणि देणाऱ्याने "हा दस्त मी लिहून दिला" अशी कबुली द्यावी लागते. सही झाल्यापासून चार महिन्यांच्या आत दस्त हजर करावा लागतो. त्यानंतर आणखी चार महिन्यांपर्यंत दंड भरून सवलत मिळू शकते. तो दंड फीच्या दहा पटींपर्यंत जाऊ शकतो. काम झाल्यावर मूळ दस्त आणि सूची क्रमांक दोन, म्हणजे इंडेक्स टू, ताब्यात घेऊनच घरी यावे.

येथे एक मोठा गैरसमज आहे. दुय्यम निबंधकांनी दस्त नोंदवला म्हणजे देणारा खरोखर मालक होता अशी सरकारने हमी दिली, असे लोक धरून चालतात. तसे नाही. मालकी तपासणे हे त्या कार्यालयाचे काम नव्हे. ते खरेदीदाराचे काम. म्हणूनच बँक तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट मागते. स्थावर मिळकतीच्या नोंदी फी भरून कोणालाही पाहता येतात. पैसे देण्यापूर्वी वकिलाकडून हा शोध घ्यावा. त्याची फी जड वाटते, पण ती वाचवणे आम्हास शहाणपणाचे वाटत नाही.

दस्त नोंदला तरी गावचे दप्तर आपोआप पुरे होत नाही. शेतजमिनीची फेरफार नोंद गाव नमुना सहामध्ये होते. नोंदलेल्या दस्ताची खबर आता तहसीलकडे परस्पर जाते. तलाठी (अलीकडे पदनाम ग्राम महसूल अधिकारी झाले, पण तोंडी तलाठीच) संबंधितांना नोटिसा काढतात, हरकत नसेल तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात, मग सातबाऱ्यावर नाव चढते. शहरात हेच काम सिटी सर्व्हेच्या प्रॉपर्टी कार्डावर होते. नाव चढले की नाही हे स्वतः उतारा काढून पहावे. मात्र सातबारा हा महसुली कागद आहे. मालकीचा मूळ पुरावा दस्तच. ज्याच्याजवळ सातबारा आहे आणि खरेदीखत नाही, तो निश्चिंत नाही.

वतनी जमिनींविषयी विशेष सांगितले पाहिजे. महार वतनाच्या गुलामीविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडले. पुढे १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगार वतने रद्द झाली आणि जमिनी वतनदारांना शर्तीवर परत मिळाल्या. सातबाऱ्यावर 'भोगवटादार वर्ग २' लिहिलेले असते ते यामुळे. अशी जमीन विकण्यास जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी व नजराणा लागतो. दस्त नोंदला गेला म्हणून ती अट उडत नाही. शहरांच्या कडेला गेलेल्या अशा जमिनींवर दलालांची नजर असते. एखाद्या वृद्ध वतनदाराचा अंगठा मुखत्यारपत्रावर घेऊन पोरांना पत्ताही लागू द्यायचा नाही, ही तऱ्हा जुनी आहे. काय वाचून दाखवले आणि कशावर अंगठा घेतला, हे घरातील शिकलेल्या मुलामुलींनी विचारलेच पाहिजे.

आता विहाराच्या जागेबद्दल. पुष्कळ वस्त्यांत एखाद्या सद्गृहस्थाने "ही जागा विहाराला दिली" असे सभेत जाहीर केलेले असते, टाळ्या वाजतात, वर्गणीतून विहार उभा राहतो. दाता निवर्तल्यावर मुले-नातू म्हणतात, कागद दाखवा. स्थावर मिळकतीचे दान नोंदलेल्या बक्षीसपत्रानेच होते, त्यावर किमान दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात, आणि दान दात्याच्या हयातीतच स्वीकारावे लागते. बक्षीसपत्र अध्यक्षांच्या किंवा सचिवांच्या व्यक्तिगत नावे करू नये. अध्यक्ष बदलतात, त्यांचे वारस राहतात. ते संस्थेच्या नावे करावे. सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेल्या संस्थेने ही मिळकत धर्मादाय कार्यालयात ९० दिवसांच्या आत बदल अर्ज देऊन आपल्या नोंदवहीत चढवून घ्यावी. जेथे दाता हयात आहे आणि कागद झालेला नाही, तेथील कार्यकर्त्यांनी हे काम पुढील वर्षावासापर्यंत लांबवू नये.