ढोल-ताशा पथकांचे वादन आणि रसिकांच्या आठवणींचा पुरावा

१. प्रश्नाचे स्वरूप

ज्या कलेला लिखित संहिता नाही, तिचा इतिहास लिहिणाऱ्याला ऐकणाऱ्यांच्या आठवणींचा आधार घ्यावाच लागतो. ढोल-ताशा पथकांचे वादन ही अशा कलांपैकी एक होय. हे वादन मौखिक परंपरेने शिकविले जाते, उघड्या रस्त्यावर सादर होते आणि मिरवणूक पुढे सरकली की विरून जाते. उरते ती रसिकांची चर्चा. अमुक वर्षाचे वादन पुन्हा ऐकावयास मिळाले नाही, अमुक ताल आता कोणी वाजवीत नाही, अमुक ताशेवाला गेला आणि पथकाचा बाज बदलला, अशा आशयाची विधाने पुण्यात गणेशोत्सवाच्या आगेमागे हमखास ऐकू येतात.

ह्या विधानांत तीन निरनिराळ्या गोष्टी एकत्र आलेल्या असतात. पहिली विशिष्ट सादरीकरणाविषयीची, दुसरी वादनाच्या रचनेविषयीची आणि तिसरी मार्गदर्शकांच्या बदलाविषयीची. ह्या तिन्हींचे पुरावामूल्य सारखे नाही. कोणत्या आठवणीवर किती विसंबावे, ह्याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

२. कोकणातील ढोल: तुलनेचा पहिला बिंदू

पुण्याच्या पथकाकडे वळण्यापूर्वी आपल्या परिसरातील ढोलाचा विचार करणे उपयुक्त ठरेल. मिरजोळे आज औद्योगिक वसाहतीमुळे ओळखले जात असले, तरी त्याच्या सभोवारच्या रत्नागिरी तालुक्यात ढोल कानावर येतो तो मुख्यतः शिमग्यात. फाल्गुनात ग्रामदेवतेची रूपे लावलेली पालखी सहाणेवर येते, घरोघरी फिरते आणि मोकळ्या जागी नाचविली जाते. पालखी नाचविणाऱ्यांची पावले ढोलाच्या ठोक्यावर पडतात, आणि नाचणाऱ्यांची दमछाक पाहून ढोलवालाही आपली लय सावरतो. ढोल, ताशा व सनई हे येथे विधीचे अंग आहे.

ह्या वादनाविषयी गावातील जुन्या माणसांशी बोलू लागले की स्मरण साहजिकच मानाभोवती फिरते. पालखी प्रथम कोणी उचलावयाची, कोणत्या वाडीत केव्हा जावयाचे, होळी कोणी उभी करावयाची, ह्याचा तपशील मानकरी निःशंकपणे सांगतात. ‘रचना कोणाची’ हा प्रश्न मात्र तेथे अप्रस्तुत ठरतो. ढोल वाजविणारा बदलला तरी विधी तोच राहतो. मुंबईहून शिमग्यासाठी आलेला चाकरमानी वडिलांच्या जागी ढोल गळ्यात अडकवितो, तेव्हा त्या बदलाकडे मार्गदर्शकाचा बदल म्हणून कोणी पाहत नाही.

ह्यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. वादन विधीपासून सुटे होऊन स्वतंत्रपणे ऐकले जाऊ लागले की मगच रचनेची आणि रचनाकाराची आठवण निर्माण होते. पुण्यात हेच घडले.

३. पुण्यातील पथकाची घडण

पुण्यात सार्वजनिक गणेशोत्सवाची सुरुवात १८९२ ते १८९४ ह्या काळात झाली. आज दिसणारे शिस्तबद्ध, गणवेशधारी पथक मात्र बरेच अलीकडचे. भोवतालच्या ग्रामीण भागात ढोल-लेझमाचे खेळ पूर्वापार होते. त्यांना शालेय शिस्तीची चौकट देऊन मिरवणुकीत आणण्याचे श्रेय सामान्यतः ज्ञान प्रबोधिनीचे संस्थापक विनायक विश्वनाथ तथा अप्पा पेंडसे ह्यांना दिले जाते. ज्ञान प्रबोधिनीची स्थापना १९६२ मधील. पुढे रमणबागेतील न्यू इंग्लिश स्कूल, नूतन मराठी विद्यालय अशा शाळांचीही पथके उभी राहिली. शाळेतून बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यांना वादन सोडवेना, तेव्हा त्यांनी स्वतंत्र पथके काढली. गेल्या दोन-तीन दशकांत ह्या स्वतंत्र पथकांची संख्या फार वाढली आणि तरुण स्त्रियांचा त्यांतील सहभाग ठळकपणे नजरेत भरू लागला.

पथकाची अंतर्गत रचना साधी पण काटेकोर असते. ताशा नेतृत्व करतो. दोन बारीक काड्यांनी वाजणाऱ्या ताशाची तर्री सुरू झाली की पुढचा ‘हात’ कोणता ते ढोलवाल्यांना कळते. ढोलाच्या एका तोंडातून खर्जाचा ठोका आणि दुसऱ्यातून तीव्र आवाज निघतो. टोल लय धरून ठेवतो, झांजा तिला धार देतात, आणि ध्वजधारी पथकाच्या हालचालीला डोळ्यांना दिसेल असे वळण देतात. एकामागून एक कोणते हात घ्यावयाचे, लय कोठे चढवावयाची, कोठे एकदम थांबावयाचे, ही योजना म्हणजेच पथकाची रचना. गणपतीपूर्वी काही आठवडे नदीकाठी किंवा मोकळ्या मैदानात होणाऱ्या सरावात ती पक्की होते.

शालेय पथकात विद्यार्थी दरवर्षी बाहेर पडतात. तेथे बदल हाच नियम असतो. स्वतंत्र पथकात तेच वादक व तेच ताशेवाले अनेक वर्षे टिकतात. म्हणून त्यांपैकी एखादा गेला की ती घटना ठरते आणि रसिक तिच्यापासून कालगणना करू लागतात.

४. अमेरिकेतील एक समांतर उदाहरण

संघवादनाविषयीच्या स्मृतीचा असाच प्रश्न अमेरिकेत अधिक नोंदींसह तपासता येतो. तेथे ‘ड्रम कोर’ ह्या नावाने तरुणांचे पितळी वाद्यांचे व नगाऱ्यांचे कवायती संघ असतात. ‘ड्रम कोर इंटरनॅशनल’ ह्या संस्थेची पहिली अजिंक्यपद स्पर्धा १९७२ मध्ये झाली. परीक्षक शंभरपैकी गुण देतात, गुणांची नोंद राहते, ध्वनिमुद्रणे उपलब्ध असतात. त्यामुळे रसिकांची आठवण आणि कागदावरची नोंद शेजारी ठेवून पाहता येते.

१९९३ मध्ये ‘स्टार ऑफ इंडियाना’ ह्या संघाने बार्टोक व बार्बर ह्या आधुनिक संगीतकारांच्या रचनांवर आधारलेला, अत्यंत संयत असा कार्यक्रम सादर केला. अनेक प्रेक्षकांना तो रुचला नाही; नाराजी उघडपणे व्यक्तही झाली. अंतिम फेरीत संघ ९७.३ गुणांवर राहिला आणि ९७.४ गुण मिळविणारे ‘कॅडेट्स’ अजिंक्य ठरले. त्यानंतर स्टार संघ स्पर्धांतून बाहेर पडला आणि त्याच्याच परंपरेतून ‘ब्लास्ट!’ हा रंगमंचीय कार्यक्रम जन्मास आला. पुढील काळात मात्र १९९३ चा तोच कार्यक्रम रसिकांच्या चर्चेत त्या कलेतील एक वळणबिंदू म्हणून गौरविला जाऊ लागला. कार्यक्रम होता तोच राहिला. श्रोत्यांची अभिरुची बदलली आणि बदललेल्या अभिरुचीने भूतकाळ पुन्हा ऐकला. केवळ आजच्या आठवणींवर भिस्त ठेवणाऱ्या अभ्यासकाला त्या वर्षीची नाराजी कदाचित दिसणारही नाही.

मार्गदर्शकांच्या बदलाविषयीही हेच उदाहरण बोधप्रद आहे. जॉर्ज झिंगाली ह्यांच्या कवायत-आखणीने १९८० नंतरच्या दशकात कॅडेट्स संघाला कीर्ती मिळवून दिली. १९८३, १९८४ व १९८५ अशी सलग तीन अजिंक्यपदे त्या संघाकडे गेली. पुढे झिंगाली ह्यांनी स्टार संघासाठी काम केले आणि १९९१ मध्ये तो संघ अजिंक्य झाला. एवढेच पाहिले तर ‘रचनाकार गेला आणि यश त्याच्याबरोबर गेले’ असा निष्कर्ष सहज निघतो. परंतु कॅडेट्सनी १९९० मध्ये व पुन्हा १९९३ मध्ये अजिंक्यपद मिळविले. व्यक्तीचा प्रभाव खरा असतो, पण तो संपूर्ण कारण क्वचितच असतो.

५. कारणमीमांसेत स्मृती कोठे चुकते

पुण्याच्या पथकांकडे परत वळताना हाच धडा लक्षात ठेवावयास हवा. ‘जुने बारीक काम गेले, आता नुसता दणदणाट राहिला’ अशा तक्रारीचे कारण बहुधा नव्या प्रमुखाच्या अरसिकतेत शोधले जाते. ह्या तक्रारीतील निरीक्षण आणि कारण वेगळे करून तपासले पाहिजेत.

पहिले भौतिक कारण म्हणजे वाद्याचे पान. चामड्याचे पान भाद्रपदातील दमट हवेत सैल पडते. ते शेकावे किंवा पुन्हा ताणावे लागते, आणि त्याचा आवाज भरीव पण मऊ असतो. कृत्रिम पानावर ओलाव्याचा विशेष परिणाम होत नाही; त्याचा आवाज तीव्र व तुटक असतो आणि ते तासन् तास तसेच वाजते. वाद्याचा नाद बदलला की कोणते हात खुलतात तेही बदलते. मार्गदर्शक तोच असला तरी रचना बदललीच असती.

दुसरे कारण संख्येचे, आणि ते अधिक महत्त्वाचे आहे. ध्वनी हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. म्हणजे ३४ मीटर अंतर कापावयास त्याला सेकंदाचा दहावा भाग लागतो. मिनिटाला १२० मात्रांची लय घेतली आणि एका मात्रेत चार आघात धरले, तर दोन आघातांमधील अंतर सेकंदाचा आठवा भाग इतकेच राहते. आता अरुंद रस्त्यावर सहा-सहांच्या रांगांनी १२० ढोल उभे केले, तर वीस रांगा होतात आणि त्यांची लांबी ३० ते ४० मीटर भरते. सर्वांनी हाताच्या खुणेवर अगदी एकाच क्षणी आघात केला, तरी पुढे उभ्या असलेल्या श्रोत्यापर्यंत शेवटच्या रांगेचा आवाज जवळजवळ एक आघात उशिरा पोचतो. मागचे वादक कानाने ऐकून वाजवीत असतील तर हा उशीर दुप्पट होतो. अशा स्थितीत बारीक काम एकमेकांत मिसळून जाणार हे उघड आहे. पाच रांगांत उभ्या राहिलेल्या ३० ढोलांच्या बाबतीत हा फरक सेकंदाच्या तिसाव्या-चाळिसाव्या भागाइतका राहतो आणि कानाला खटकत नाही. मोठ्या पथकाचा प्रमुख सुटे, भक्कम ठोके निवडतो तेव्हा तो भौतिकशास्त्राच्या एका अटीचे पालन करीत असतो. बारीक काम त्याने ताशांपुरते राखले, तर तो शहाणपणाच होय.

ह्याच हिशेबाची दुसरी बाजूही पाहावी. सारख्या ताकदीच्या ध्वनिस्रोतांची संख्या दुप्पट केली असता पातळी सुमारे ३ डेसिबलने वाढते. तेव्हा ३० ढोलांचे १२० केले तर वाढ सुमारे ६ डेसिबलची. आणि आवाज ‘दुप्पट मोठा’ वाटावयास साधारणतः १० डेसिबलची वाढ लागते. चौपट माणसे उभी करूनही आवाज दुप्पट वाटत नाही. स्पष्टता मात्र पुष्कळ घटते.

हा विचार केवळ शास्त्रीय कुतूहलाचा नाही. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुणे येथील खंडपीठाने ऑगस्ट २०२४ मध्ये ध्वनिप्रदूषणाच्या कारणास्तव पथकातील वादकांची संख्या ३० वर मर्यादित करण्याचा निर्देश दिला. १२ सप्टेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या निर्देशाला स्थगिती दिली. ह्या वादात संख्येची चर्चा एका बाजूने शांततेच्या आणि दुसऱ्या बाजूने परंपरेच्या नावाने झाली. रचनेच्या दृष्टीने इष्ट संख्या कोणती, हा तिसरा प्रश्न मागे पडला. त्याचे उत्तर देण्याची पात्रता ज्या जाणत्या श्रोत्यांपाशी आहे, त्यांची साक्ष कोणी पद्धतशीरपणे नोंदविलेली नाही, हे अभ्यासकांचे अपुरेपण म्हटले पाहिजे.

६. स्मृती कोठे विश्वसनीय ठरते

आतापर्यंतच्या विवेचनावरून रसिकांच्या आठवणी टाकाऊ आहेत असे कोणी समजू नये. वर्ष आणि कारण ह्या बाबतींत त्या कच्च्या असतात; वादनाचा आकार आणि आस्वाद ह्या बाबतींत त्या बळकट असतात. कोणता हात कोणत्या हातानंतर आला, शांतता किती लांबली, कोणत्या चौकात स्थिरवादनाला जागा मिळाली, हे नियमित श्रोत्याला नेमके स्मरते. कारण तो ते पुन्हा पुन्हा मनात वाजवून पाहत असतो. पुष्कळदा तो स्वतःही कधीकाळचा वादक असतो आणि तोंडाने बोल म्हणून दाखवू शकतो. तोंडाने म्हटलेले असे बोल हा ध्वनिमुद्रणाखालोखालचा पुरावा होय.

श्रोता कोठे उभा होता हेही विचारले पाहिजे. बेलबाग चौकात ताज्या दमाने वाजविणारे पथक आणि कित्येक तासांनंतर टिळक चौकात पोचलेले तेच पथक ह्यांत मोठा फरक असतो. एकाच वर्षाविषयी दोन रसिकांची मते परस्परविरुद्ध आढळली, तर दोघांपैकी एकाला खोटे ठरविण्यापूर्वी त्यांचे चौक ताडून पाहावेत.

७. कार्यपद्धतीविषयी सूचना

ह्या विषयावर काम करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी चार सूचना कराव्याशा वाटतात. एक, ‘मी ऐकले’ आणि ‘असे म्हणतात’ ही विधाने नोंदवहीत निरनिराळ्या रकान्यांत लिहावीत. दोन, वर्ष विचारण्याऐवजी त्या वर्षीची खूण विचारावी. पाऊस, श्रोत्याची शाळेतील इयत्ता किंवा नोकरीचे ठिकाण ह्यांवरून वर्ष अधिक अचूक ठरते. तीन, मार्गदर्शक बदलल्याची हकीकत मिळाली की त्याच सुमारास पाने, संख्या, मार्ग व वेळेची बंधने ह्यांत काय बदलले ते स्वतंत्रपणे शोधावे, आणि उरलेला फरक तेवढाच व्यक्तीच्या नावे मांडावा. चार, जुन्या ध्वनिफिती व चित्रफिती अजून घरोघरी पडून आहेत. त्या खराब होण्यापूर्वी त्यांच्या प्रती करून घ्याव्यात.

हीच पद्धत मिरजोळ्याच्या परिसरातील शिमग्याच्या ढोलाला लावता येईल. तेथे विचारावयाचे प्रश्न वेगळे असतील. रचनाकाराऐवजी मानकऱ्याकडून, चौकाऐवजी सहाणेवरून सुरुवात करावी लागेल. पण तेथेही कृत्रिम पानांचे ढोल येऊ लागले आहेत आणि गावाबाहेर राहणाऱ्या तरुणांच्या कानांवर पुण्याच्या पथकांचे हात बसलेले आहेत. ह्या दोन प्रवाहांचा मेळ कसा पडतो, हे पाहण्याची संधी आपल्या विभागाला घराजवळच उपलब्ध आहे. जुना ढोल ज्यांनी ऐकला, ती माणसे अजून सांगावयास आहेत. येत्या फाल्गुनापासून हे काम हाती घ्यावे.