भीती शरीरात कुठे राहते?

मंडळी, आयोजकांनी हा विषय सुचवला तेव्हा मीच त्यांना म्हटलं, अहो, मी तत्त्वज्ञानाचा माणूस. माझ्या नावामागे डॉक्टर लागतं खरं, पण त्याने कुणाची सर्दीसुद्धा बरी होत नाही. (हशा) तेव्हा मी उपचार सांगायला आलेलो नाही. मानसिक आघातावर शरीराच्या वाटेने उपचार करतात, ते नेमकं काय करतात, आणि त्यातलं किती पटण्यासारखं आहे, एवढंच बोलणार आहे. थोडं स्वतःबद्दलही बोलावं लागेल, त्याला इलाज नाही.

११ जुलै २००६. इथे बसलेल्यांपैकी निम्म्यांना तारीख सांगितल्यावर पुढचं सांगावं लागणार नाही. संध्याकाळी साडेसहाच्या सुमाराला, ११ मिनिटांत ७ स्फोट, सगळे पश्चिम रेल्वेच्या पहिल्या वर्गाच्या डब्यांत. माटुंगा, माहीम, वांद्रे, खार, जोगेश्वरी, बोरिवली, मीरा रोड. १८०हून अधिक माणसं गेली. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गाड्या चालू होत्या, माणसं कामावर गेली. पेपरांनी ‘मुंबईचं स्पिरिट’ म्हणून कौतुक केलं. त्याआधी घाटकोपरला डिसेंबर २००२मध्ये बसमध्ये स्फोट झाला, मार्च २००३मध्ये मुलुंडला लोकलमध्ये झाला, तेव्हाही असंच. कामावर जाणं भाग होतं म्हणून गेलो, यात स्पिरिट किती आणि हप्ते किती, हा वेगळा विषय आहे.

मी त्या संध्याकाळी अंधेरीच्या फलाटावर होतो. मला काही झालं नाही. गाड्या थांबल्या, फोन लागेनात, म्हणून एस. व्ही. रोडने चालत बोरिवलीला निघालो. जोगेश्वरीला लोक चादरींच्या झोळ्या करून जखमींना रिक्षांकडे नेत होते. एका झोळीचं टोक थोडा वेळ माझ्याही हातात होतं. मध्यरात्री घरी पोचलो, आंघोळ केली, वरणभात खाल्ला आणि झोपलो. दोन दिवसांनी कॉलेजात गेलो.

पुढची जवळजवळ दोन वर्षं एक गोष्ट घडत होती आणि ती मला माहीतच नव्हती. एकदा बायको बरोबर होती गाडीत. ती म्हणाली, "अहो, अंधेरी सुटली की तुम्ही श्वास धरून बसता. जोगेश्वरी गेली की सोडता. आणि उजवा खांदा पार कानाला लागतो." मी अर्थातच नाही म्हटलं. दुसऱ्या दिवशी लक्ष ठेवलं. ती म्हणत होती ते खरं होतं. मनात भीतीचा एकही विचार नव्हता, मी पेपर वाचत होतो, आणि शरीर मात्र रोज तीन मिनिटं त्या संध्याकाळी जाऊन येत होतं. लक्षात आल्यावर कमी व्हायच्या ऐवजी ते वाढलं. तिसऱ्या वर्षी मी बसने जायला लागलो, गुडघ्याचं निमित्त सांगून. गुडघा त्या वेळी अगदी ठणठणीत होता.

आता तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या माणसाची यात फजिती अशी, की मी वर्गात नेमकं हेच शिकवत होतो. विल्यम जेम्सने १८८४ साली एक निबंध लिहिला. आपण समजतो की अस्वल दिसलं, भीती वाटली, म्हणून आपण थरथरलो. जेम्स म्हणतो, क्रम उलटा आहे. शरीर आधी थरथरतं, आणि त्या थरथरीची जी जाणीव होते तिलाच आपण भीती म्हणतो. वॉल्टर कॅननने पुढे १९२७मध्ये यावर सडकून टीका केली, आणि ती बऱ्याच अंशी योग्यच होती. पण शरीर हा भावनेचा नुसता नोकर नाही, एवढा मुद्दा टिकला.

जेम्सपर्यंत जायची तरी काय गरज? गीतेचा पहिला अध्याय काढा. अर्जुन कुलक्षय, पाप, नरक हे सगळे युक्तिवाद करतो, पण नंतर. त्याआधी तो काय सांगतो? हातपाय गळाले, तोंडाला कोरड पडली, अंगाला कापरं भरलं, धनुष्य हातातून सुटतंय, उभं राहवत नाही. निरूपणात आपण हे श्लोक घाईने ओलांडतो, कारण आपल्याला आत्म्यापर्यंत पोचायचं असतं. पतंजलीने योगसूत्रांच्या पहिल्या पादात चित्तविक्षेपाचे सोबती मोजले आहेत. दुःख, खिन्नता, अंगाचा कंप आणि बिघडलेला श्वास. दोन मनाचे, दोन शरीराचे, आणि चौघे एकाच पंगतीला. मला हे फार महत्त्वाचं वाटतं.

तर शरीराच्या वाटेने जाणारे उपचार काय म्हणतात? संकट आलं की पळा किंवा लढा, याची तयारी शरीर क्षणात करतं. छाती धडधडते, स्नायू आवळतात, श्वास वर चढतो. ही तयारी स्वायत्त चेतासंस्था करते, आपली परवानगी न घेता. दोन्ही शक्य नसेल तर माणूस थिजतो. धोका टळला की हे सगळं उतरायला हवं. कधी उतरत नाही. मग डब्यातला वास, रुळांचा खडखडाट, संध्याकाळचा विशिष्ट उजेड, एवढ्यावरसुद्धा तीच तयारी पुन्हा सुरू होते. अशा वेळी "आता काही धोका नाही" हे वाक्य बुद्धीला पटतं, पण खांद्यापर्यंत पोचत नाही. म्हणून काम खालून सुरू करायचं. पायापासून, पाठीपासून, श्वासापासून.

पीटर लेव्हीन या अमेरिकन माणसाने या पद्धतीला ‘सोमॅटिक एक्स्पीरियन्सिंग’ असं नाव दिलं, आणि १९९७मधल्या त्याच्या पुस्तकामुळे ती जगभर पसरली. त्यात घडलेला प्रसंग पहिल्यापासून शेवटपर्यंत वदवून घेत नाहीत. त्याचा अगदी छोटा तुकडा घ्यायचा, शरीरात काय होतंय ते बघायचं, आणि लगेच शरीरातल्या सुरक्षित जागेकडे परत यायचं. पुन्हा थोडं पुढे, पुन्हा मागे. झोका असतो तसं.

मला ज्या बाईंनी मदत केली त्यांनी हा झोका लोकलवर बसवला. पहिल्या आठवड्यात काम एवढंच, की बोरिवलीहून सुटणारी गाडी फलाटाला उभी असताना तिच्यात पाच मिनिटं बसायचं आणि सुटायच्या आत उतरायचं. बसल्यावर चपला काढून तळवे जमिनीला टेकवायचे. डोळे मिटायचे नाहीत. मान हळू फिरवून डबा बघायचा, तीन वस्तू मनात म्हणायच्या. पंखा, कडी, खिडकी. श्वास मुद्दाम घ्यायचा नाही, फक्त सोडताना लांबवायचा. खांदा वर गेला तर खाली ओढायचा नाही, आणखी थोडा वर न्यायचा आणि मग तो आपणहून उतरतो का ते बघायचं. मला हे सगळं हास्यास्पद वाटलं होतं. मग कांदिवलीपर्यंत जाऊन परत. मग मालाड. गोरेगावला एकदा घाम फुटला, तर त्यांनी पुन्हा मालाडवर आणलं. अंधेरीला पोचायला साडेतीन महिने लागले. लोकल एका स्टेशनासाठी घेतलेली मी आयुष्यात पहिल्यांदाच.

यात शरीराचं काम किती आणि नुसत्या सवयीचं किती, हे मला सांगता येणार नाही, आणि बाईंनीही कधी तसा दावा केला नाही. दाव्यांबद्दल थोडं कडक बोलतो. "आघात स्नायूंत साठतो" असं सर्रास ऐकू येतं. हे रूपक आहे. आठवण मेंदूत असते. स्नायूंत असते ती मेंदूने लावलेली सवय. जंगलातले प्राणी अंग झाडून आघात टाकून देतात, ही लेव्हीनची आवडती गोष्टही आधारापेक्षा जास्त मोठी झाली आहे. पुरावा आहे, पण थोडा. व्हॅन डर कोल्क यांच्या गटाने २०१४मध्ये ६४ स्त्रियांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. या सगळ्या बराच काळ उपचार घेऊनही बऱ्या न झालेल्या. १० आठवडे बेताने योग केलेल्या गटात निम्म्याहून थोड्या अधिक स्त्रिया आजाराच्या निकषांतून बाहेर पडल्या, दुसऱ्या गटात साधारण पाचातली एक. आशादायक आहे, पण ६४ म्हणजे ६४. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३मध्ये मोठ्यांसाठी शिफारस केली ती आघातावर केंद्रित अशा विचार-वर्तन उपचाराची आणि डोळ्यांच्या हालचाली वापरणाऱ्या ‘ईएमडीआर’ची. म्हणजे बोलणं टाकून द्या असं कुणी सांगत असेल तर त्याचं ऐकू नका.

आपल्या उपनगरांत हे परकं नाही. योगेंद्रजींनी योग इन्स्टिट्यूट सुरू केली ती १९१८ साली, वर्सोव्याला. आज ती सांताक्रूझला आहे. गोराईला विपश्यनेचा पॅगोडा आहे. गोएंका गुरुजी मुळात ब्रह्मदेशात डोकेदुखीने हैराण होऊन या वाटेला आले होते, आणि शरीरावरच्या संवेदना बघणं हाच त्या साधनेचा गाभा. पण इथे एक सूचना. ताज्या आघातात दहा दिवस डोळे मिटून, मौनात बसणं काहींना सोसत नाही. आठवणी अंगावर येतात. प्रवेशाच्या अर्जात मानसिक आजाराबद्दल विचारतात ते उगाच नाही, तिथे खरं लिहा. शवासनसुद्धा काहींना नको होतं. दार दिसेल असं, डोळे उघडे ठेवून बसलेलं बरं.

एक चिठ्ठी आली आहे. "उपचार करणाऱ्याने अंगाला हात लावणं योग्य आहे का?" चांगला प्रश्न, आणि बहुधा कुणीतरी सोसून विचारलेला. प्रत्येक वेळी आधी विचारून, आणि नाही म्हटलं तर कारण न मागता थांबून. एवढं पाळलं जात नसेल तर उठून यावं, फी बुडाली तरी. आणि आपल्याकडे ‘सोमॅटिक थेरपिस्ट’ अशी पाटी लावायला कुठलाही परवाना लागत नाही. तेव्हा समोरची व्यक्ती मूळची कोण आहे, मानसोपचारतज्ज्ञ की पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेली क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, हे सरळ विचारा. झोप उडाली असेल, जीव नकोसा वाटत असेल, तर तळवे टेकवत बसू नका. सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा आहे, १४४१६ हा नंबर, मराठीत बोलता येतं.

दुसरी चिठ्ठी, "सर, आता लोकलने जाता का?" जातो. आज तसाच आलो. पावसाळ्यात कधी कधी जोगेश्वरीच्या आधी खांदा अजून वर जातो. जाऊ देतो.