रोबोट मागे, मोबाइल पुढे: 'होशी नो कोए'चा मागोवा

माकोतो शिंकाई यांचा 'होशी नो कोए' हा पंचवीस मिनिटांचा ॲनिमेपट २ फेब्रुवारी २००२ रोजी टोकियोच्या शिमोकिताझावा भागातल्या एका छोट्या चित्रपटगृहात लागला. चित्रपटगृहाचे नाव होते 'टॉलीवूड'. जपानमध्ये महाकाय रोबोटच्या गोष्टींना तोवर जवळजवळ अर्धे शतक झाले होते. चित्रपटात असा रोबोट होता, परग्रहावरचा शत्रू होता, अंतराळातले युद्ध होते. आणि या सगळ्याच्या मधोमध ताटातूट झालेली पंधरा वर्षांची दोन मुले होती. रोबोटच्या ओढीने आलेल्या प्रेक्षकाचे यात पोट भरते का, हा वाद तेव्हापासून चालू आहे. त्याचे उत्तर त्या अर्ध्या शतकात शोधावे लागते.

मित्सुतेरू योकोयामा यांची 'तेत्सुजिन २८-गो' ही चित्रकथा १९५६ मध्ये सुरू झाली आणि १९६३ मध्ये ती ॲनिमे होऊन दूरचित्रवाणीवर आली. तिच्यातला लोखंडी राक्षस स्वतःहून काहीच ठरवत नाही. शोतारो या मुलाच्या हातातली नियंत्रणपेटी सांगेल तसा तो वागतो, आणि पेटी चोरांच्या हाती लागली की त्यांचाही होतो. या प्रकारच्या गोष्टींचा मूळ प्रश्न इथेच रुजला: एवढे प्रचंड बळ कोणाच्या हुकमात, आणि हुकूम द्यायचे साधन कोणते? योकोयामांच्याच 'जायंट रोबो'मध्ये पेटीची जागा मनगटी घड्याळाने घेतली. त्यावर १९६७-६८ मध्ये तोएई कंपनीने खऱ्या नटांची २६ भागांची मालिका काढली. तीच 'जायंट रोबोट' या नावाने ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर लागली. महाराष्ट्रातल्या एका पिढीची या राक्षसाशी ओळख झाली ती ॲनिमेतून नाही, रबरी पोशाखातल्या माणसांच्या या मालिकेतून. मनगट तोंडाशी नेऊन हुकूम सोडायचा खेळ तेव्हा गल्लोगल्ली रंगला. मालिकेच्या शेवटी रोबोट आपल्या छोट्या धन्याचा हुकूम मोडतो आणि शत्रूला घेऊन आकाशात स्वतःचा नाश करून घेतो. हुकमाचा ताबेदार आयुष्यात एकदाच हुकूम मोडतो, तो मुलाला वाचवण्यासाठी. या प्रकाराचे भावनिक भांडवल पुष्कळसे या एका प्रसंगात सामावले आहे.

गो नागाई यांनी १९७२ मध्ये 'माझिंगर झेड'मध्ये मुलाला रोबोटच्या डोक्यातच बसवले. वाहतूक कोंडीत अडकलेले असताना गाडीला पाय फुटून ती पुढच्या गाड्या ओलांडून गेली तर, या विचारातून ही कल्पना सुचल्याचे ते सांगत. आता हुकूम आणि देह एकच झाले. पुढची काही वर्षे दर आठवड्याला एक नवा राक्षस, एक ठरलेला ठोसा आणि बाजारात त्या रोबोटचे खेळणे, असा रतीब चालला. खेळणी कंपन्याच प्रायोजक असल्याने रोबोटचे रंग, सांधे आणि शस्त्रे दुकानात शोभतील अशीच बेतलेली असत. चाहत्यांची चव घडण्यात या व्यापाराचा वाटा लहान नाही.

योशियुकी तोमिनो यांचे 'मोबाइल सूट गंडम' ७ एप्रिल १९७९ रोजी सुरू झाले आणि त्याने रोबोटला युद्धातले एक वाहन केले. आमुरो हा मुलगा पहिल्यांदा यंत्रात बसतो तेव्हा त्याच्या हातात माहितीपुस्तिका असते. गोळ्या संपतात, सुटे भाग लागतात, समोरचा शत्रूही माणूसच असतो. प्रेक्षकसंख्या कमी म्हणून ५२ भागांची मालिका ४३ भागांत आटोपती घ्यावी लागली. पण पुनर्प्रक्षेपण झाले, १९८० पासून बांदाईचे प्लॅस्टिकचे जोडसंच विकले जाऊ लागले आणि तिचे नशीब पालटले. जोडसंच स्वतःच्या हाताने जोडणारा चाहता यंत्राकडे अभियंत्याच्या नजरेने पाहू लागला. गुडघा वाकतो कसा, इंधन कुठे मावते, पाठीवरची नळी कशासाठी, हे प्रश्न त्याला कथेइतकेच महत्त्वाचे वाटतात.

प्रेमकथेचेही या घराण्याला वावडे नव्हते. 'माक्रोस'मध्ये (१९८२) एक वैमानिक, एक गायिका आणि एक अधिकारी यांचा त्रिकोण युद्धाच्या बरोबरीने चालतो, आणि गाणे हेच शस्त्र ठरते. हिदेआकी आन्नो यांच्या 'गनबस्टर'ने (१९८८) सापेक्षता सिद्धांत आणला. प्रकाशाच्या वेगाजवळ प्रवास करणाऱ्या मुली तरुण राहतात, पृथ्वीवरच्या त्यांच्या मैत्रिणीचे वय मात्र वाढत जाते. आन्नो यांच्याच १९९५ च्या 'इव्हांजेलियन'मध्ये रोबोट चालवणे म्हणजे मनाची जखम उघडी करणे झाले. 'होशी नो कोए'ने रोबोटच्या गोष्टीत प्रथमच प्रेम आणले, असे जे म्हटले जाते ते म्हणूनच खरे नाही. कालविरहही आधीच येऊन गेला होता.

नवे होते ते चित्रपट घडला त्या पद्धतीत. शिंकाई निहोन फाल्कॉम या गेम कंपनीत नोकरी करत होते. ती सोडून त्यांनी घरच्या मॅक संगणकावर फोटोशॉप, आफ्टर इफेक्ट्स आणि लाइटवेव्ह ही तयार सॉफ्टवेअर वापरून जवळजवळ सगळा चित्रपट एकट्याने केला. संगीत तेनमोन यांचे. पहिल्या आवृत्तीत नायकाचा आवाज शिंकाईंचा स्वतःचा आणि नायिकेचा त्यांच्या तेव्हाच्या वाग्दत्त वधूचा होता. व्यावसायिक कलाकारांच्या आवाजाची आवृत्ती नंतर झाली. एकट्या माणसाच्या हातून दोनच गोष्टी उत्तम उतरतात, ज्या त्याला मनापासून करायच्या असतात त्या. इथे त्या आहेत आकाश आणि प्रकाश. संध्याकाळचे ढग, रेल्वे फाटक, पावसात ओला बसथांबा यांच्यावर जीव ओतलेला दिसतो. माणसांचे चेहरे सपाट आहेत आणि रोबोट संगणकावरचा म्हणून वेगळा उठून दिसतो.

कथा २०४६ च्या सुमारास सुरू होते. मंगळावरच्या थार्सिस भागात परक्या संस्कृतीचे अवशेष सापडले आहेत आणि त्या 'तार्सियनां'शी युद्ध जुंपले आहे. शाळा संपत आलेली मिकाको नागामिने संयुक्त राष्ट्रांच्या अंतराळ सैन्यात निवडली जाते, 'लिसिथिआ' जहाजावर चढते आणि 'ट्रेसर' नावाचा रोबोट चालवू लागते. तिचा वर्गमित्र नोबोरू तेराओ पृथ्वीवरच राहतो. दोघांमध्ये दुवा एकच, मोबाइलवरचा संदेश. जहाज दूर जाते तसा संदेशाला लागणारा वेळ वाढतो. सूर्यमालेबाहेर झेप घेतल्यावर तो वर्षावर जातो; ८.६ प्रकाशवर्षे दूर असलेल्या व्याधाच्या ताऱ्यापाशी पोहोचल्यावर आठ वर्षे सात महिन्यांवर. तिने पंधराव्या वर्षी पाठवलेले शब्द त्याला चोविसाव्या वर्षी मिळतात.

आता यंत्राचा हिशेब. ट्रेसरला क्षेपणास्त्रे आहेत, किरणांची लांब तलवार आहे, आणि शेवटच्या लढाईत मिकाको शत्रूचे जहाज उभे चिरते तो प्रसंग भल्याभल्या मालिकांच्या तोडीचा आहे. वेग, शांतता, अचानक स्फोट, सगळे जागच्या जागी. तरीही ट्रेसरला चेहरा नाही, स्वभाव नाही, वंश नाही. तो कोणी बांधला, का बांधला, माणसाच्या आकाराचाच का, यावर अवाक्षर नाही. मिकाको तो चालवायला कशी शिकली, हेही सविस्तर येत नाही. शाळेच्या गणवेशातच ती चालककक्षात बसलेली दिसते. शत्रूचा हेतू अर्धवट कळतो. तो मिकाकोचेच रूप घेऊन तिच्यासमोर उभा राहतो आणि काही सुचवून जातो, पण त्यातून लढाईचा अर्थ उलगडत नाही. अभियंत्याच्या नजरेने पाहणाऱ्याच्या हाताला इथे काही लागत नाही. एक आक्षेप तर बिनतोड आहे. जहाजे प्रकाशवर्षांच्या झेपा घेऊ शकतात, मग टपाल त्यांच्यातूनच परत का येत नाही? चित्रपट याचे उत्तर देत नाही. दिले असते तर कथा पहिल्या दहा मिनिटांत संपली असती.

या उणिवांमागे चित्रपटाची खरी रचना दिसते. तेत्सुजिनची पेटी, जायंट रोबोटचे घड्याळ, माझिंगरचे आसन, गंडमची पुस्तिका या सगळ्यांतून माणसाचे म्हणणे यंत्रापर्यंत तत्काळ पोहोचते. मिकाकोच्या हातात मोबाइल आहे, आणि त्याचा रोबोटशी काही संबंध नाही. ती तो रोबोटच्या आत बसून वापरते, पण तो हुकमाचे साधन नाही, वाट पाहण्याचे आहे. पूर्वी मुलाचा सोबती रोबोट असे. ती जागा आता या छोट्या यंत्राने घेतली आणि ट्रेसर केवळ मुलीला घरापासून दूर नेणारे वाहन उरला. पंचवीस मिनिटांत तिची सगळी माया मोबाइलच्या पडद्यावर आहे. रोबोटवर प्रेम करायला आलेल्याला उपरे वाटते ते त्यामुळे.

अंतराला एवढे वजन मात्र मोठमोठ्या मालिकांनीही क्वचितच दिले. त्यांत अंतराळ म्हणजे लढाईचे मैदान. आदेश आणि उत्तर यांच्यामध्ये प्रकाशाचा वेग सहसा आडवा येत नाही. हे वजन पुणे जिल्ह्यातल्या वाचकाला पटायला फार दूर जावे लागत नाही. तिथल्या जुन्नर तालुक्यात, नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून ती उभी राहिली. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, त्यांतल्या १४ मध्यभागी आणि १६ इंग्रजी वाय अक्षराच्या तीन हातांवर शेतशिवारात पसरलेल्या. गंडमची उंची १८ मीटर मानली जाते. म्हणजे आकाराने हे यंत्र त्याच्या कितीतरी वरचे. आणि ते कोणावर चालून जात नाही, फक्त ऐकते.

१९ ऑक्टोबर २०१६ रोजी युरोपीय अवकाश संस्थेचे 'स्कियापरेली' यान मंगळावर उतरत असताना त्याचा अतिशय क्षीण संकेत खोडदला टिपला जात होता. मंगळ तेव्हा सुमारे साडेसतरा कोटी किलोमीटरवर होता, म्हणून संकेताला यायला जवळजवळ पावणेदहा मिनिटे लागत होती. यान जमिनीवर टेकण्याच्या अपेक्षित वेळेच्या थोडे आधी संकेत थांबला. ते आदळून फुटल्याचे पुढे छायाचित्रांवरून स्पष्ट झाले. खोडदच्या नियंत्रण कक्षात संकेत ऐकू येत होता तेव्हा तिकडे जे व्हायचे ते होऊन गेले होते. मिकाकोच्या संदेशांमागचे भौतिकशास्त्र नेमके हेच, फक्त पावणेदहा मिनिटांच्या जागी साडेआठ वर्षे.

मराठी विज्ञानकथेच्या वाचकाला कालविरहाची ओळखही जुनीच आहे. जयंत नारळीकरांनी नारायण विनायक जगताप या टोपणनावाने मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ च्या स्पर्धेसाठी पाठवलेली 'कृष्णविवर' ही बक्षीसपात्र कथा काळाच्या मंदावण्यावर बेतलेली होती. मराठी विज्ञानकथेत कल्पना आधी आणि यंत्र मागाहून, असा प्रघात राहिला. त्या चवीच्या वाचकाला ट्रेसरचे गुडघे कसे वाकतात याची फारशी फिकीर नसते.

पुणे जिल्ह्यातल्याच शिरूर तालुक्यात रोबोट म्हणजे काय, हे विचाराल तर उत्तर रांजणगाव एमआयडीसीकडे बोट दाखवून मिळेल. गाडीच्या कारखान्यात जमिनीला बोल्टने जखडलेला, ठिणग्या उडवत पत्रे जोडणारा यांत्रिक हात. त्याला हालचाल शिकवणाऱ्याच्या हातात वायरला लटकलेला टीच पेंडंट असतो. बटण दाबावे, हात इंचभर सरकवावा, जागा नोंदवावी. शोतारोच्या पेटीचा खराखुरा वारस म्हणायचा तर हाच. असे काम रोज करणाऱ्याला 'गंडम'मधली माहितीपुस्तिका लगेच आपली वाटेल, आणि ट्रेसर कोणी, कधी, कसा शिकवला हा त्याचा प्रश्न रास्तच ठरेल.

महाराष्ट्रातल्या आजच्या तरुण प्रेक्षकाचा क्रम आणखी निराळा आहे. जपानी चाहत्याच्या घरात जोडसंच आधी आले, शिंकाई नंतर. इकडे 'जायंट रोबोट'नंतर केबलवरचे कार्टून नेटवर्क आणि २००४ पासून ॲनिमॅक्स अशा तुटक ओळखी होत गेल्या. २०१६ नंतर स्वस्त डेटा आला आणि ॲनिमे खिशातल्या मोबाइलवर आले. भारतीय चाहत्यांनी सह्यांची मोहीम चालवल्यावर शिंकाईंचा 'वेदरिंग विथ यू' २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये भारतीय चित्रपटगृहांत लागला. एप्रिल २०२३ मध्ये 'सुझुमे' आला तेव्हा ते स्वतः मुंबईत होते. या प्रेक्षकाला शिंकाई आधी भेटतात ते प्रेमकथाकार म्हणून, आणि मग मागे जाता जाता 'होशी नो कोए' सापडतो. रोबोट दिसला की त्याला आश्चर्यच वाटते. तो पुरेसा नाही अशी तक्रार त्याच्या मनात येत नाही. जोडसंच जोडून, गंडमची युद्धे तोंडपाठ करून आलेला चाहता मात्र लढाईची ती थोडी मिनिटे पुन्हा पुन्हा पाहतो आणि बाकीचे सोसतो. दोघांच्या मधला एक वर्ग 'गनबस्टर' पाहून आलेला असतो. त्याला यंत्रही हवे असते आणि गेलेली वर्षेही; तो समाधानी होण्याची शक्यता सर्वांत जास्त, जरी 'गनबस्टर'ने हे काम अधिक थाटात केले आहे हे तोच आधी सांगेल.

या चित्रपटाला २००३ मध्ये जपानचा विज्ञानकथांसाठीचा सेइउन पुरस्कार मिळाला. शिंकाईंनी पुढे महाकाय रोबोटची गोष्ट केली नाही. २००४ च्या पहिल्या पूर्ण लांबीच्या चित्रपटात दोन मुलांनी जोडलेले विमान आणि आकाशात गेलेला मनोरा आहे. २००७ च्या 'फाइव्ह सेंटिमीटर्स पर सेकंद'मध्ये तानेगाशिमा बेटावरच्या रस्त्याने अग्निबाण वाहून नेणारे वाहन ताशी पाच किलोमीटरने सरकते, आणि नायक मोबाइलवर कोणालाच न पाठवायचे संदेश लिहून पुसत राहतो. २०१६ च्या 'युअर नेम'मध्ये मोबाइलवरच्या नोंदी दोघांना तीन वर्षांच्या दरीपलीकडून जोडतात आणि नायकाच्या डोळ्यांदेखत एकेक करून नाहीशा होतात. ट्रेसर त्या एका चित्रपटाबरोबरच गळाला. मिकाकोच्या हातातले यंत्र पुढच्या चित्रपटांतही राहिले.