डिझेल टाकीचा नट सुटेना? घाई करू नका, आधी हे वाचा

बीड : दसरा झाला की जिल्ह्यात ऊसतोडीला निघण्याची गडबड सुरू होते. धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार, आष्टी भागातले ट्रॅक्टर पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊस वाहतुकीला जातात. उचल घेतलेली असते, मुकादमाचे फोन चालू असतात आणि नेमकं तेव्हाच लक्षात येतं की टाकीला खालून पाझर फुटलाय किंवा डिझेल फिल्टर सारखा चोक होतोय. टाकी उतरवल्याशिवाय काम होत नाही. टाकी उतरवायला गेलं की गंजलेला नट हलत नाही, जोर लावला की बोल्ट तुटतो. तासाभराचं काम दोन दिवसांवर जातं. घाईत कुणी ग्राइंडर किंवा गॅस कटर काढला, तर जिवावर बेततं.

नट का अडकतो?

टाकीचे पट्टे, त्याखालचे रबर आणि ब्रॅकेट यांच्या सांदीत चिखल बसतो. तो महिनोन् महिने ओल धरून ठेवतो. युरिया आणि इतर रासायनिक खतं ट्रॉलीत वाहिली की त्यातले क्षारही तिथे जाऊन बसतात. लोखंड गंजलं की गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो. त्यामुळे नट आणि बोल्टाच्या आट्यांमध्ये तो गच्च भरतो. अशा नटाला नुसती ताकद लावली तर नट सुटण्याआधी बोल्टच पिळून तुटतो.

पाना धरण्याआधी

टाकी जेवढी रिकामी तेवढी बरी. ५० लिटर डिझेलचं वजन साधारण ४२ किलो भरतं. शेवटचा बोल्ट निघाला की एवढा भार एकदम अंगावर येतो. डिझेल हातपंपाने किंवा तळाच्या प्लगातून काढून घ्या. नळी तोंडात धरून ओढण्याची सवय अनेकांना आहे, ती सोडा. डिझेल फुप्फुसात गेलं तर जीव जाऊ शकतो. चुकून गिळलं गेलं तर उलटी करवू नका, थेट दवाखाना गाठा. रुग्णवाहिकेसाठी १०८ लावा.

बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी काढा. काम शेडच्या आत नको, मोकळ्या हवेत करा. बिडी, काडेपेटी, चालू इंजिन आणि वायरचा लोंबता बल्ब जवळ नको. उजेड हवा असेल तर एलईडी बॅटरी घ्या.

"डिझेल काय पेटत नाही" असं सर्रास म्हटलं जातं. देशातल्या डिझेलचं मानक असं आहे की त्याची वाफ पेटण्याचं तापमान किमान ३५ अंश असावं. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि उन्हात उभ्या टाकीचा पत्रा तर त्याहून जास्त तापतो. पेट्रोलची गोष्ट आणखी वाईट. त्याची वाफ थंडीतही पेटते. ती हवेपेक्षा जड असते, म्हणून जमिनीलगत पसरत जाते आणि खड्ड्यात साचते. जीप किंवा मोटारसायकलची टाकी काढताना हे विसरू नका.

नट सोडवण्याची रीत

तारेच्या ब्रशने आटे साफ करा. गंज सोडवणारा स्प्रे मारा आणि रात्रभर मुरू द्या. सकाळी पुन्हा मारा. स्प्रे नसेल तर डिझेलही मुरतं, फक्त वेळ जास्त लागतो. मधूनमधून बोल्टाच्या डोक्यावर हातोडीने हलके ठोके द्या. ठोक्याने गंजाला तडे जातात आणि तेल आत उतरतं. टाकीच्या पत्र्यावर मात्र ठोका पडू देऊ नका.

पाना नटाच्या मापाचाच हवा. फिक्स पान्यापेक्षा रिंग पाना किंवा सहा कोनांची गोटी चांगली. बारा कोनांची गोटी गंजलेल्या नटावरून घसरते आणि नटाचे कोपरे झडतात. आधी थोडं आवळायच्या बाजूला, मग सोडायच्या बाजूला असं पुढेमागे करत चला. पाऊण फेरा निघाला की पुन्हा तेल द्या. पान्याला लांब पाइप लावून झटका देऊ नका, बहुतेक बोल्ट त्या झटक्यानेच तुटतात.

नट काही केल्या हलत नसेल आणि तो आरपार बोल्टावर असेल, तर त्याला वाचवत बसू नका. ब्लेडला तेल लावून हातकरवतीने हळू कापा. बोल्ट नवा मिळतो. ग्राइंडरची ठिणगी मात्र टाकीजवळ चालणार नाही, टाकी रिकामी असली तरी नाही.

बोल्ट तुटलाच तर

आधी बाकीचे बोल्ट काढा. टाकीखाली जॅक आणि त्यावर लाकडी फळी लावून भार तोलून धरा. टाकी उतरवून लांब नेऊन ठेवा आणि मगच तुटलेल्या तुकड्याला हात घाला. विजेच्या ड्रिलच्या आतही ठिणग्या पडतात, म्हणून हा क्रम चुकवू नका.

तुकडा बाहेर डोकावत असेल तर व्हाइस ग्रिपने घट्ट धरून फिरवा. आटे शाबूत असतील तर दोन नट एकमेकांवर आवळा आणि खालच्या नटाला पाना लावून तुकडा सोडवा. तुकडा आतच राहिला असेल तर बरोबर मधोमध पंच मारा, बारीक ड्रिल पाडा आणि उलट्या आट्याचा एक्स्ट्रॅक्टर लावा. एक्स्ट्रॅक्टर फार कडक पण ठिसूळ असतो. तो आत तुटला तर साधं ड्रिल त्याला लागत नाही, म्हणून जोर बेतानेच. टाकी आणि डिझेलच्या नळ्या लांब असतील तर नट तापवूनही सुटतो.

यातलं काहीच जमलं नाही तर भोक पूर्ण पाडून नवीन आटे पाडावे लागतात. ८ एमएम बोल्टाच्या साध्या आट्याला ६.८ एमएमचं आणि १० एमएमला ८.५ एमएमचं ड्रिल लागतं. भोक वाकडं गेलं तर टाकी नीट बसत नाही, त्यामुळे हे काम हात बसलेल्या मिस्त्रीकडूनच करून घ्या.

रिकामी टाकी म्हणजे बॉम्ब

पाझर बंद करायला रिकाम्या टाकीला वेल्डिंग करणं सगळ्यात धोक्याचं. टाकी भरलेली असते तेव्हा आत हवा कमी असते. रिकामी झाली की वाफ आणि हवा यांचं मिश्रण तयार होतं, ते एका ठिणगीत फुटतं. एकदा पाण्याने खंगाळून ही वाफ जात नाही. पत्र्याच्या सांदीत आणि गंजात डिझेल शिल्लक राहतं, गरम झालं की पुन्हा वाफ होते. टाक्या दुरुस्त करण्याचं काम नेहमी करणाऱ्याकडेच द्या, नाहीतर सरळ टाकी बदला.

परत बसवताना

जुने बोल्ट पुन्हा वापरू नका. त्याच मापाचे, डोक्यावर तोच आकडा असलेले नवीन बोल्ट घ्या. डोक्यावर ८.८ असेल तर नव्यावरही ८.८ च हवं. आट्यांना ग्रीस लावा, पट्ट्याखालचं रबर बदला. पट्टा इतका आवळू नका की टाकीचा पत्रा दबेल. नळ्या, हवेची नळी आणि अर्थिंगची वायर जागेवर लावा. डिझेल भरून पाझर बघा, मग फिल्टरवरून हवा काढून इंजिन चालू करा.

हंगामाला निघायच्या आदल्या दिवशी हे काम काढू नका. आज संध्याकाळीच टाकीच्या नटांना तेल मारून ठेवा. हलायचे ते सकाळपर्यंत हलतील, आणि न हलणाऱ्यासाठी हातात दिवस राहतील.