घरकामातले न दिसणारे काम

घरकामाचे दोन भाग असतात. एक डोळ्यांना दिसतो: पोळ्या लाटणे, भांडी घासणे, केर काढणे, कपडे वाळत घालणे. दुसरा दिसत नाही, कारण तो डोक्यात चालतो. उद्या डब्याला कोणती भाजी, विरजण लावले का, सिलिंडर किती दिवस पुरेल, दळण कधी टाकायचे, हरभरे आज रात्री भिजत घातले नाहीत तर उद्या उसळ कशाची करायची. हात दमतात ते पहिल्या भागाने. ‘सगळं अंगावर येतंय’ असे जे वाटते, ते मात्र बहुतेक वेळा दुसऱ्या भागातून येते, आणि म्हणूनच नुसता कामाचा वेग वाढवून ते जात नाही.

या दुसऱ्या भागाकडे अभ्यासकांचे लक्ष अलीकडे वळले आहे. अमेरिकेतील समाजशास्त्रज्ञ ॲलिसन डॅमिंजर यांनी २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात त्याचे चार टप्पे मांडले: गरज आधीच ओळखणे, ती भागवण्याचे मार्ग शोधणे, त्यांतला एक ठरवणे, आणि ठरलेले पार पडले की नाही यावर लक्ष ठेवणे. त्यांनी अभ्यासलेल्या जोडप्यांत ठरवण्याचा टप्पा बऱ्याच अंशी दोघे मिळून पार पाडत. पहिला आणि शेवटचा टप्पा, म्हणजे आधी आठवण ठेवणे आणि नंतर मागे लागणे, हा जास्त करून बायकांकडेच होता. मराठी घरांतही चित्र फारसे निराळे नसावे. ‘काय आणू ते सांग, मी आणतो’ या वाक्यात आणण्याचे काम वाटून घेतलेले असते, सांगण्याचे नाही. दिसणाऱ्या कामाचा हिशेब तर सरकारी पाहणीतच आहे. केंद्र सरकारच्या २०२४ सालच्या कालवापर सर्वेक्षणानुसार, घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटे वेळ जातो, तर ते काम करणाऱ्या पुरुषांचा ८८ मिनिटे. डोक्यातले काम मिनिटांत मोजणे कठीण, कारण ते दुसरी कामे करतानाच चालू असते.

हा भार हलका करायचा तर रोज नव्याने घ्यावे लागणारे निर्णय कमी करावे लागतात. सर्वांत जास्त निर्णय स्वयंपाकात असतात. महाराष्ट्रातल्या पुष्कळ घरांत आठवड्याला आधीपासूनच एक चौकट आहे: सोमवार, गुरुवार, शनिवार शाकाहारी, बुधवार, शुक्रवार, रविवार मासळी-मटणाचे, एकादशी-चतुर्थीला उपासाचे. तीच चौकट थोडी पुढे नेता येते. मात्र ‘मंगळवारी भरली वांगी’ असे पदार्थाचे नाव पक्के केले की बेत मोडतो, कारण त्या दिवशी वांगी किडकी निघतात किंवा घरी यायला उशीर होतो. त्याऐवजी प्रकार ठरवणे टिकाऊ ठरते: आज पालेभाजी, उद्या फळभाजी, परवा उसळ. हा क्रम बाजाराच्या दिवसापासून मोजावा. मेथी, पालक, चाकवत, अळू पहिल्या दोन दिवसांत संपवायचे. गवार, दोडका, भेंडी, फरसबी त्यानंतर. बटाटा, लाल भोपळा, सुरण आणि कडधान्ये आठवड्याच्या शेवटाला. असे केले की रोज सकाळी ‘आज काय करू?’ हा प्रश्न पूर्ण सुटत नाही, पण त्याची उत्तरे दोन-तीनच उरतात, आणि भाजी पिवळी पडून फेकावीही लागत नाही.

स्वयंपाकाचा वेळ ओट्यापाशी सुरू होत नाही, हेही ध्यानात घ्यावे लागते. मटकीची उसळ करायला अर्धा तास पुरतो, पण तिची सुरुवात दीड दिवस आधी होते. मटकी रात्री भिजवायची, सकाळी उपसून फडक्यात बांधायची आणि मोड यायला दिवसभर ठेवायची. थंडीत त्याहूनही जास्त वेळ लागतो. हरभरा, छोले, राजमा यांना रात्रभर भिजणे हवे. इडली-डोशाचे पीठ वाटून झाल्यावर उन्हाळ्यात सात-आठ तासांत फुगते, थंडीत बारा तासही अपुरे पडतात. अशा पदार्थांत हाताचे काम थोडे आणि वाट पाहणे फार असते. त्यामुळे रात्री ओटा पुसून झाल्यावर दोन मिनिटे फक्त उद्याकडे पाहण्याची सवय मोलाची ठरते: काही भिजवायचे आहे का, विरजण लावले का, डबे धुतलेले आहेत का. सकाळची बरीचशी धांदल या दोन मिनिटांत निवारली जाते.

पूर्वतयारीत काय आधी करून ठेवता येते आणि काय नाही, हे पदार्थाच्या स्वभावावर अवलंबून असते. गव्हाच्या कणकेत ग्लुटेन तयार होते, म्हणून मळलेली कणीक मुरली की उलट मऊ होते आणि झाकलेल्या डब्यात फ्रिजमध्ये एक दिवस चांगली राहते. ज्वारी-बाजरीत ग्लुटेन नसते. भाकरीचे पीठ गरम पाण्यात मळून लगेच थापावे लागते. ठेवले तर भाकरी थापताना चिरते. पिठाचेही तसेच. ज्वारीचे पीठ जुने झाले की त्याची विरी जाते, आणि बाजरीचे पीठ तिच्यातल्या स्निग्धांशामुळे लवकर कडवट होते. म्हणून गव्हाचे दळण महिन्याचे आणले तरी चालते, बाजरीचे मात्र थोडे थोडेच आणावे. दाण्याचे कूट, भाजलेल्या सुक्या खोबऱ्याची पूड, तिळाची किंवा जवसाची चटणी, सोललेला लसूण, चिंचेचा कोळ ही तयारी सुटीच्या दिवशी तासाभरात उरकते. कांदा-खोबऱ्याचे भाजके वाटण लहान लहान डब्यांत गोठवून ठेवले, तर एरवी आमटी-रश्श्यात जो वेळ भाजण्या-वाटण्यात जातो तो वाचतो. ओल्या नारळाचा चव गोठवून चांगला टिकतो. कोकण-गोव्याकडच्या स्वयंपाकात रोज नारळ खवावा लागतो, तिथे ही मोठीच सोय आहे. कोथिंबीर निवडून, कोरडी करून ठेवावी. धुऊन ओली ठेवली तर दोन दिवसांत काळी पडते.

प्रेशर कुकर घराघरांत आहे, तरी त्याचा पुरता उपयोग अनेक ठिकाणी होत नाही. उघड्या पातेल्यात पाण्याचे तापमान १०० अंश सेल्सियसच्या वर जात नाही. कुकरमध्ये दाबामुळे ते साधारण १२० अंशांपर्यंत चढते आणि डाळ झपाट्याने शिजते. दाब एकदा भरला की आच मंद केली तरी तापमान टिकून राहते. मोठ्या आचेवर शिट्ट्यांमागून शिट्ट्या घेतल्याने केवळ वाफ आणि गॅस जातो. खाली डाळ, मधे भात, वर बटाटे किंवा लाल भोपळा अशी भांडी रचली की एका आचेवर तीन पदार्थांची तयारी होते, आणि कुकर उतरेपर्यंतचा वेळ कोशिंबिरीला मिळतो.

‘रोज ताजे’ हा मराठी घरांतला आग्रह आरोग्यातून आला आणि तो चुकीचा नव्हता, कारण फ्रिज नसताना उन्हाळ्यात सकाळचे वरण संध्याकाळपर्यंत आंबे. आता प्रश्न साठवणीच्या शिस्तीचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचनांनुसार शिजवलेले अन्न खोलीच्या तापमानाला दोन तासांहून जास्त ठेवू नये, फ्रिज ५ अंशांखाली असावा आणि पुन्हा गरम करताना अन्न आतपर्यंत ७० अंशांवर जावे. शिजवलेली डाळ, उसळ, रस्सा अशा रीतीने दोन दिवस निर्धोक राहतात. भाताबाबत मात्र जास्त जपावे. फोडणीच्या भातासाठी रात्रीचा भात पातेल्यात तसाच ओट्यावर राहू देण्याची पद्धत पुष्कळ घरांत आहे. भातात बॅसिलस सिरियस नावाचा जिवाणू वाढू शकतो, आणि त्याने तयार केलेले उलटीचे विष सकाळच्या फोडणीने नष्ट होत नाही. भात पसरट भांड्यात लवकर निववून फ्रिजमध्ये ठेवला तर दुसऱ्या दिवशी त्याचाच चांगला नाश्ता होतो. उरलेल्या पोळ्यांचा कुस्करा, उरलेल्या वरणात कणीक भिजवून केलेले पराठे, हे पदार्थ ज्या घरात बिनसंकोच होतात त्या घरातल्या बाईची एक वेळची दगदग कमी होते.

वस्तूंची जागा हाही श्रमाचाच भाग आहे. लिलियन गिलब्रेथ या अमेरिकी अभियंता स्त्रीने १९२०च्या दशकाच्या अखेरीस स्वयंपाकघरातल्या हालचालींचा आणि पावलांचा अभ्यास करून मांडणी बदलली. मराठी स्वयंपाकघरात मिसळणाचा डबा हेच काम कधीपासून करत आला आहे: मोहरी, जिरे, हळद, हिंग, तिखट एका झाकणाखाली, फोडणीच्या कढल्यापासून हातभर अंतरावर. हाच नियम पुढे लावला की रोजचे तवा, कढई, पोळपाट-लाटणे पुढे येतात, आणि चकलीचा सोऱ्या व मोदकपात्र माळ्यावर जातात.

साफसफाईत क्रमाला महत्त्व आहे. आधी जाळी-जळमटे आणि पंखे, मग फर्निचर, शेवटी केर आणि फरशी. उलट केले तर फरशी दोनदा पुसावी लागते. करपलेले भांडे लगेच घासत बसण्याऐवजी गरम पाणी आणि थोडा खाण्याचा सोडा घालून भिजत ठेवले की अर्धे काम आपोआप होते. बोअरच्या जड पाण्यामुळे नळांवर आणि बादल्यांवर बसणारा पांढरा थर व्हिनेगर किंवा लिंबूसत्वाने सुटतो, कारण तो क्षारांचा असतो. साबणाने कितीही घासले तरी तो जात नाही. ॲसिड आणि ब्लीच मात्र कधीही एकत्र वापरू नयेत. त्यातून विषारी क्लोरीन वायू सुटतो, आणि लहानशा बंद न्हाणीघरात तो जिवावर बेतू शकतो. बाकी कामे रोजची, आठवड्याची आणि महिन्याची अशी वेगळी केली की पुरे. रोज ओटा, भांडी, केर. आठवड्याला चादरी, न्हाणीघर, फ्रिजवर एक नजर. महिन्याला पंखे, डबे, जाळ्या. जे आज करायचेच नाही ते आज डोळ्यांसमोर आले तरी मनाला टोचू नये, हा या वाटणीचा खरा फायदा.

जुन्या घरांत ही वाटणी ऋतूंवर होती. चैत्र-वैशाखात पापड, कुरडया, सांडगे, लोणची आणि वर्षाचा मसाला होई, आणि शेजारच्या बायका एकमेकींकडे लाटायला जात. त्या साठ्यामुळे पावसाळ्यात भाजी मिळाली नाही तरी पिठले, पापड, मेतकूट-भात यांवर दिवस निघे. या व्यवस्थेचे कौतुक करताना ती कोणाच्या कष्टावर उभी होती हे विसरणे अन्यायाचे होईल: पहाटेपासून रात्रीपर्यंत राबणाऱ्या सुना, आणि आश्रित म्हणून चुलीपुढे आयुष्य काढणाऱ्या विधवा. एकत्र कुटुंब गेले तेव्हा हात कमी झाले, अपेक्षा मात्र तशाच राहिल्या. यंत्रांनीही त्या वाढवल्या. अमेरिकी इतिहासकार रूथ श्वार्ट्झ कोवन यांनी १९८३च्या ‘मोअर वर्क फॉर मदर’ या ग्रंथात दाखवले की घरगुती यंत्रांनी लाकडे फोडण्यासारखी पुरुषांची आणि मुलांची कामे संपवली, तर स्वच्छतेची अपेक्षा वाढून गृहिणीचे काम उरलेच. वॉशिंग मशीन आल्यावर एकदा घातलेला कपडा लगेच धुण्यात जातो, तो त्याचाच प्रकार. म्हणून घरात कशाचा आग्रह धरायचा हेही एकदा बसून ठरवावे लागते. पाणी आणि अन्न यांच्या स्वच्छतेत तडजोड नको. रोजच्या कपड्यांना इस्त्री, दोन्ही वेळा वेगळी भाजी, पाहुण्यांसाठी लखलखीत दिवाणखाना यांत पुष्कळ सैल होता येते.

काम वाटून देताना ते डोक्यासकट द्यावे लागते. नवऱ्याने भाजी आणणे ही मदत झाली. भाजी संपत आली हे त्याने ओळखणे, बाजाराचा दिवस सांभाळणे आणि आणलेली निवडून ठेवणे ही जबाबदारी झाली. सिलिंडर, वीजबिल, दळण, मुलांचे डबे अशी एकेक जबाबदारी अशी पूर्ण सोपवली, तरच देणाऱ्याच्या मनातून ती जाते. त्यासाठी वाणसामानाची यादी सर्वांना दिसेल अशी फ्रिजच्या दारावर किंवा कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर असावी, आणि ज्याच्या हातून डबा संपत येईल त्यानेच लिहावे. सोपवल्यावर मागून जाऊन तेच काम पुन्हा करू नये. पोळीचा नकाशा झाला तरी ती खाता येते, आणि मुलाने घातलेल्या घड्या वाकड्या असल्या तरी कपाटात मावतात. दहा वर्षांच्या मुला-मुलीला शेंगा सोलणे, ताटे मांडणे, वाळलेले कपडे काढणे सहज जमते. मुलाला ते न शिकवणे म्हणजे पुढच्या घरावर तोच भार टाकणे.

शहरांत धुणीभांडी, केरवारे, पोळ्या यांसाठी येणाऱ्या मावशींवर पुष्कळ घरे चालतात. त्यांचे स्वतःचे घरकाम पहाटे किंवा चार घरांची कामे आटोपल्यावर असते, ही गोष्ट काम ठरवतानाच जमेस धरली पाहिजे. महाराष्ट्रात घरेलू कामगारांच्या कल्याण मंडळासाठी २००८ साली कायदा झाला. आठवड्याची पगारी सुटी ठरलेली असली की मालकिणीलाही त्या दिवसाचा बेत आधीच करता येतो आणि ‘आज मावशी आल्याच नाहीत’ ही सकाळची धावपळ कमी होते.

इतके करूनही आजारपण, परीक्षा, पाहुणे, कार्यालयातला उशीर यांत घडी मोडतेच. त्या दिवसांसाठी किमान काय हवे ते आधी ठरलेले असावे: प्यायचे पाणी भरलेले, उष्टी भांडी भिजत घातलेली, आणि एक गरम जेवण. मूगडाळ, तांदूळ, बेसन, पोहे, भाजणी, दाण्याचे कूट आणि एखादी कोरडी चटणी घरात असली की मुगाची खिचडी, पिठले-भात, थालीपीठ यांतले काहीतरी पाऊण तासात होते. तेवढेही शक्य नसेल तर गल्लीतल्या पोळी-भाजी केंद्रातून पोळ्या आणाव्यात आणि घरी नुसते वरण लावावे. ती केंद्रे पुष्कळदा बायकाच चालवतात, आणि तिथे पोळी लाटण्याचे दाम मिळते.